गावची विहीर, ११३ बोअर आणि गुन्हेगार कोण?

मोसंबीवाला
राम राम मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात आमच्या गावात (अंबड तालुका, जालना) तंटामुक्ती समितीची बैठक झाली. ही मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली तेव्हा बांधाची भांडणं, भाऊबंदकी असले तंटे डोळ्यांसमोर होते. आमचा तंटा वेगळा होता. गावच्या सार्वजनिक विहिरीनं एप्रिलातच तळ दाखवला, त्याला जबाबदार कोण? विहीर सात परस. आजोबा सांगायचे की ती बहात्तरच्या दुष्काळात आटली होती, एरवी कधी नाही. पारावर सत्तर-ऐंशी माणसं जमली आणि सगळ्यांची बोटं एकाच माणसाकडं गेली. २०१२ साली गावात पहिला सहाशे फुटी बोअर त्यानं मारला होता.

तो माझा चुलता.

ती रात्र मला आठवते. तीन एकर मोसंबी, नऊ वर्षांची झाडं, पानं गुंडाळायला लागलेली. त्या वर्षी जालन्यात किती बागा तुटल्या हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची पाटी असलेली बोअरची गाडी रात्री अडीचला शेतात लागली. पहिले चारशे फूट नुसता फुफाटा. काकू बांधावर देव पाण्यात घालून बसलेली. ५४० फुटांवर दीड इंची पाणी लागलं तेव्हा काका रडले. बाग वाचली.

पुढच्या वर्षी शेजाऱ्यानं मारला. मग त्याच्या शेजाऱ्यानं. परवा मी आणि पुतण्यानं मोटारसायकलवर शिवार फिरून मोजले, ११३ भरले. बरेचसे बंद, पण मारलेले ११३.

आता मूळ मुद्दा. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७८ मध्ये एक साधा हिशोब मांडला होता. त्याचं उदाहरण दंगलीचं होतं, मी बोअरचं घेतो. शंभर माणसं धरा. पहिला कुणाची वाट बघत नाही, त्याचा आकडा शून्य. दुसऱ्याचा आकडा एक, म्हणजे एकानं मारला की हा मारणार. तिसऱ्याचा दोन, असं करत शंभराव्याचा नव्व्याण्णव. पहिला मारतो, मग दुसरा, मग तिसरा, शंभरही जण मारतात. आता ज्याचा आकडा एक आहे त्या एकाच माणसाचा आकडा दोन करा. पहिला मारतो आणि गाडी तिथंच थांबते. शंभरातली नव्व्याण्णव माणसं तीच, तरी एका गावात शंभर बोअर आणि शेजारच्या गावात एक. बाहेरचा माणूस म्हणणार, 'हे गाव हावरट, ते समजूतदार.'

वॉरन वीव्हरनं १९४८ मध्ये प्रश्नांचे तीन ढीग केले होते. एका ढिगात दोन-चार गोष्टींचे प्रश्न, ते कागदावर सुटतात. दुसऱ्यात वायूच्या कणांसारखे अब्जावधी गोष्टींचे, तिथं सरासरी काढली की भागतं. तिसरा ढीग मधला, गोष्टी मोजक्या पण एकमेकींत गुंतलेल्या. गुंतागुंतीचा सिद्धान्त म्हणतात तो या ढिगाचा. आमचं तीनशे उंबऱ्यांचं गाव या मधल्या ढिगात. तीनशे घरं रोज एकमेकांच्या शेतात डोकावतात, इथं सरासरीचा काय उपयोग?

तर अशा ठिकाणी न्याय कसा करायचा? पहिल्याला धरायचं, शेवटच्याला, की सगळ्यांना?

गोदाकाठ
वाचतोय. काकांना दंड झाला का?

मोसंबीवाला
अकरा हजार ठरले. काका म्हणाले, भरतो, पण बाकीच्या ११२ जणांकडूनही घ्या. बैठक तिथंच फुटली.

दोनाचा_घात
शीर्षक न बघता 'गुंतागुंतीचा सिद्धान्त' एवढंच ऐकून आलो होतो, मला वाटलं आमच्या संगणकातला, म्हणजे कुठला प्रश्न सोडवायला किती वेळ लागतो ते सांगणारा. अवांतर होईल, पण सांगतो.

आमच्याकडं भावाभावांत वाटणी झाली. दोन भाऊ, लहानमोठे तीस तुकडे. कुठं काळी, कुठं मुरमाड, कुणाला रस्ता, कुणाला विहिरीत हिस्सा. तीस तुकडे दोघांत वाटायच्या तऱ्हा किती? दोनाचा तिसावा घात, म्हणजे १०७ कोटींच्या वर. तुकडे वाढले तर दोन्ही पारडी अगदी तंतोतंत समान करणारी वाटणी झटक्यात शोधून देईल अशी कुठलीही रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. तरीही आमची वाटणी एका दुपारी झाली. थोरल्यानं दोन वाटे पाडले, धाकट्यानं आधी उचलला. थोरल्याला माहीत होतं की चांगला वाटा धाकटाच उचलणार, म्हणून तराजूसारखे वाटे पाडले. अचूक उत्तर कुणी शोधलंच नाही, दोघांना पटेल अशी रीत धरली.

तुमच्या पारावर लोक उत्तर शोधत बसले होते. रीत कुणी सुचवली का?

मोसंबीवाला
नाही सुचवली. हे डोक्यात नव्हतं आलं.

बीडचा_वकील
कायद्याचं थोडं सांगतो. १९९३ च्या भूजल कायद्यानुसार सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नव्हता. २००९ च्या कायद्यानं पुढं जाऊन शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जायलाच मनाई केली. ६० मीटर म्हणजे दोनशे फुटाच्या आत. तुमच्या काकांचा ५४० फूट! मराठवाड्यात हा कायदा अक्षरशः लावला तर अर्धे पक्षकार आरोपी होतील आणि अर्धे वकीलही, आमच्याही शेतात बोअर आहेतच.

अडचण अशी की कायद्याला आरोपी लागतो. एक माणूस, एक कृत्य, एक तारीख. 'माझ्या बोअरनं विहीर आटली' हे कोर्टात सिद्ध करायचं कसं? आपल्या बेसाल्टात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. कोणती भेग कुठं जोडली आहे हे खडकालाच ठाऊक. दोन शेतं सोडून असलेला बोअर विहीर आटवतो आणि खेटून असलेला आटवत नाही, असंही होतं.

लातूरकर_सध्या_पुणे
सगळ्या बोअरला मीटर लावा, युनिटमागं पैसे घ्या, प्रश्न संपला. २०१६ ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तरी लोक शिकत नाहीत.

गोदाकाठ
@लातूरकर मीटर कोण वाचणार? आमच्याकडं विजेचा मीटर वाचायला माणूस आला की अख्खी गल्ली तारेवरचे चोरीचे आकडे काढायला पळते.

निळी_पहाट
धागा वाचला. लिहिलंय छान. पण मला या हिशोबाची भीती वाटते, का ते सांगते.

ग्रॅनोव्हेटरचं वर्ष १९७८ म्हणालात. त्याच वर्षी २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि आपल्याकडं वस्त्या पेटल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. माझ्या आजीसमोर हा विषय निघाला की ती अजून उठून चुलीपाशी जाते. तेव्हाही म्हणायला सोपं होतं, 'एकानं दगड मारला, मग दुसऱ्यानं, भडका उडाला.' जसं काही वणवाच. पण आकडा शून्य असलेला माणूस आभाळातून पडतो का? लोकांचे आकडे खाली कुणी आणले? कुणाला ठाऊक होतं की आपल्याला काही होणार नाही? तुमच्या हिशोबात हे आकडे आधीच भरलेले येतात. भरले कुणी, हा रकानाच नाही.

आता बोअरवर येते. ११३ पैकी वस्तीचे किती?

मोसंबीवाला
एकही नाही.

निळी_पहाट
बघा. बोअर मारायला आधी सातबारा लागतो. आमच्या लोकांच्या हातात काय होतं? गायरान. दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह १९५९ आणि १९६४ चे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं कायम करायचा शासन निर्णय १९९१ चा. आमच्या घराचा कागद अजून फिरतोच आहे. बोअर मारून पाणी खाली नेण्यात ज्यांचा सहभागच नाही, त्यांचा हापसा सगळ्यात आधी कोरडा पडतो. आणि वर सांगायचं की यंत्रणा गुंतागुंतीची आहे, दोष सगळ्यांचाच. सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही.

तुमच्या काकांना एकट्यानं दंड व्हावा असं मला वाटत नाही. पण 'गुंतागुंत' हा शब्द पांघरूण म्हणून वापरू नका.

मराठा_गडी_९६
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

दोनाचा_घात
@निळी_पहाट आकडे आधीच भरलेले, हा मुद्दा पूर्ण मान्य. ग्रॅनोव्हेटरला एवढंच म्हणायचं होतं की निकाल बघून माणसांच्या मनाचा अंदाज बांधू नका. मनं तशी कशानं झाली, हा प्रश्न त्यानं बाजूला ठेवला. आपण तो का बाजूला ठेवावा?

टेलचा_शेतकरी
मी परभणी जिल्ह्यातला. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर, अन् आमचं शिवार पार टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला. तुमचा तो ग्रॅनोव्हेटर मला माहीत नाही, पण कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी चांगला माहीत आहे.

नाशिक-नगरची धरणं भरली अन् नाथसागर, म्हणजे आपलं जायकवाडी, रिकामा राहिला की आपण काय म्हणतो? समन्यायी वाटप! २००५ च्या कायद्याचं कलम १२(६)(ग) इथं पोरासोरायला पाठ आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्याच्या खाली साठा असला की वरून पाणी सोडा, बरोबरच आहे. मीबी मोर्च्यात गेलेलो आहे. पण तेच पाणी कालव्याला आलं की काय होतं बघा. हेडचे लोक रातच्याला दारं फोडतात, पायपा टाकतात, ऊस भिजवतात. आमच्या चारीला येईस्तोवर आवर्तन बंद. नाशिकच्या लोकायला आपण टेल, अन् खालच्या गावायला आपणच नाशिक. वट्टात सांगायचं म्हणजे ज्याचं शेत जिथं, त्याचा न्याय तिथं.

आमच्या पाणीवापर संस्थेनं एकदा टेल-टू-हेड लावलं. पाणी आधी शेवटच्या शेताला, मग त्याच्या वरच्याला, असं करत डोक्याकडं. पहिल्या पाळीला वरचे लोक लई भांडले. मग गंमत झाली. वरच्या शेतकऱ्याचा नंबर शेवटी, म्हणून खालच्याचं लवकर भिजावं हे त्याच्याच फायद्याचं. आधी चारी फोडणारा माणूस आता रातच्याला बॅटरी घेऊन चारीवर फिरू लागला, कुठं पाणी फुटतंय का बघायला! पाटकऱ्यानं दहा वर्षांत जे केलं नाही ते एका पाळीत झालं. माणूस तोच, स्वभाव तोच, नंबर उलटा केला.

दोन हंगाम चाललं. मग निवडणूक आली अन् मोडलं.

माजघर
@टेलचा_शेतकरी प्रतिसाद जपून ठेवला!

मोसंबीवाले दादा, पारावर सत्तर-ऐंशी माणसं होती म्हणालात. बाया किती होत्या?

मोसंबीवाला
सरपंचबाई होत्या. म्हणजे, त्यांचे यजमान होते.

माजघर
वाटलंच होतं. पाणी कोणत्या दिवशी किती वेळ आलं, कुठल्या नळाला करंगळीएवढी धार आणि कुठल्याला मनगटाएवढी, हे ज्यांना माहीत त्या पारावर नसतात. तुमच्या ११३ बोअरचा हिशोब पुतण्यानं केला. हंड्यांचा कुणी केला?

एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाची बाई होती, २००९ ला तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणारी पहिली बाई. सामाईक कुरणं, सामाईक पाट, मासेमारी यांचा तिनं जगभर अभ्यास केला. त्याआधी लोक म्हणायचे, सामाईक चीज म्हटली की तिची वाट लागणारच, एक तर सरकारनं घ्यावी नाही तर विकून टाकावी. हिनं दाखवलं की शेकडो वर्षं टिकलेली गावं आहेत. तिथले नियम गावानंच केलेले, पाळत वापरणाऱ्यांचीच, आणि दंड टप्प्याटप्प्यानं. पहिल्या चुकीला थोडका, मग वाढता. पहिल्याच फटक्यात अकरा हजार नव्हे.

आपल्याकडं पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत केली. तिथं पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हता, डोक्यावर होता. घरात माणसं किती, त्यावर पाणी. भूमिहीनालाही हिस्सा. ऊस बंद. निळी_पहाट म्हणतात तो रकाना तिथं भरलेला होता. सातबारा नसलेल्यालाही पाण्याचा वाटा, हे वाक्य आधी. त्यामुळं पुढचे नियम त्याच्याशी जुळवून घ्यावे लागले.

बीडचा_वकील
पण हे नैतिक वजन असलेल्या एका माणसाभोवती उभं राहतं. तो गेला की?

माजघर
खरंय. टेलवाल्यांचंही निवडणुकीत मोडलं. मी टिकेल म्हटलं नाही, होतं म्हटलं.

अस्तरवाला
माझंही एक पाप लिहून ठेवा. अनुदानावर शेततळं घेतलं, प्लास्टिकचं अस्तर टाकलं. पावसाचं पाणी साठवायचं म्हणून योजना होती. आम्ही काय केलं, दिवाळीनंतर विहिरीचं पाणी उपसून तळ्यात भरलं. जमिनीखाली सगळ्यांचं असलेलं पाणी वर काढून माझं केलं, आणि वर उन्हात वाफ व्हायला ठेवलं. माझ्यापुरता निर्णय शंभर टक्के शहाणा होता. शेजाऱ्यानं भरायच्या आत मी भरलं. वरून झाकण टाकायला पैसे नव्हते.

मोसंबीवाला
वीस-बावीस दिवसांनी येतोय. तुमचे प्रतिसाद पुतण्याच्या मोबाइलवर पारावर वाचून दाखवले (निळी_पहाट यांचा दोनदा वाचावा लागला, पहिल्यांदा मधेच आवाज वाढले). बोअरचं भांडण सुटलेलं नाही. पण आम्ही एक छोटी गोष्ट करून बघितली, ती सांगतो.

टाकीपासून चार लायनी आहेत. देवळाची गल्ली, मधली गल्ली, बाजारपट्टी आणि शेवटी वस्ती. वॉलमन याच क्रमानं वॉल खोलायचा. चार दिवसांआड पाणी. वस्तीचा नंबर येईपर्यंत टाकीचा तळ दिसायचा. क्रम कुणी ठरवला? कुणीच नाही. पाइपलाइन ज्या क्रमानं टाकली तोच क्रम.

आम्ही क्रम उलटा केला. वेळ लावून बघितली तर भांडणं होतील, म्हणून माजघर यांच्या सांगण्यावरून हंडे लावले. वस्तीतल्या शेवटच्या नळाला चार हंडे भरेपर्यंत पुढचा वॉल खोलायचा नाही. त्या नळावर एक आजी बसते. चौथा हंडा भरला की ती नातवाला पाठवते आणि तो पळत जाऊन वॉलमनला सांगतो.

पहिल्या दिवशी देवळाच्या गल्लीत पाणी रात्री साडेअकराला आलं. शिव्या कुणाला पडल्या असतील ते सांगायला नको. दुसऱ्या पाळीलाही तेच. मग गल्लीतली पोरं शोधत निघाली की वस्तीचे चार हंडे भरायला एवढा वेळ का लागतो. शाळेच्या भिंतीपाशी वस्तीच्या लायनीचा जॉइंट तीन वर्षांपासून गळत होता. तिथं बारमाही चिखल, म्हशी बसायच्या. वस्तीनं दोनदा अर्ज दिले होते. आता त्या गळतीचं पाणी देवळाच्या गल्लीच्या वाट्यातून जायला लागलं. पाच दिवसांत वर्गणी काढून जॉइंट बदलला, खड्डा खणायला स्वतः गल्लीतली पोरं. पुढच्या पाळीला साडेनऊला पाणी.

फार खूश होऊ नका. लगेच मधल्या गल्लीत दोघांनी नळाला मोटर लावली. एक दरवाजा बंद केला की पाणी दुसरीकडून वाट काढतं.

आणि काकांचं. दंड नको म्हणून ठरलं, त्यांनी आपणहून बोअरचं पाणी रोज एक तास गावच्या विहिरीत सोडायला सुरुवात केली. मला वाटलं, ग्रॅनोव्हेटर उलटा चालेल. एकानं सोडलं की दुसरा, मग तिसरा. दुसऱ्यानं सोडलं. तिसऱ्यानं सोडलं. चौथ्यानंही. चौघांवर आठ दिवस झाले, पुढं हलत नाही. पाचव्याचा आकडा चार नसावा. वीस असेल, तीस असेल, कुणाला माहीत.

निळी_पहाट
तीन वर्षं आणि दोन अर्ज. आणि पाच दिवस. हे लिहिलंत ते बरं केलं. गळती तीच होती, फक्त झळ ज्यांना बसते ती माणसं बदलली. तुम्ही याला रीत म्हणा, मी सत्ता म्हणते.

आजीच्या जागी उद्या कोण बसणार तेही आत्ताच ठरवून ठेवा. आणि बोअर नसलेल्यांचा त्या विहिरीतला वाटा ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. काकांच्या मनावर नको.

दोनाचा_घात
मोटरवाल्यांसाठी सुचवतो. ज्या गल्लीत मोटर सापडेल ती गल्ली पुढच्या पाळीला शेवटी. गल्लीच पाळत ठेवेल.

माजघर
आणि निर्दोष घरांना शिक्षा? पहिल्यांदा नुसती ताकीद द्या, वहीत नोंद करा. दुसऱ्यांदा फक्त त्या घराचा नळ बंद.

टेलचा_शेतकरी
तुमचं सगळं त्या वॉलमनवर उभं आहे. वॉल त्याच्या हातात, शिव्याबी त्यालाच. आमचं मोडलं तवा पहिल्यांदा पाटकऱ्याची बदली केली होती. त्याचा पगार निघतो का बघा आधी.

मोसंबीवाला
विचारलं. फेब्रुवारीपासून थकलाय. उद्या सकाळी ग्रामपंचायतीत जातो, येताना वही पण घेऊन येतो.